टाळीचा शनिवार

आमच्या गावात एक हाक मारली की चार पोरी वळायच्या. आडनाव अख्ख्या आळीचं एकच, आणि नावं ठेवायची ती गावदेवीची नाहीतर मेलेल्या आजीची, मग वेगळी येणार कुठून? माझ्याच वर्गात माझ्या नावाची, माझ्या आडनावाची आणि वर बापाचंही नाव तेच असलेली एक मुलगी होती. भावकीतलीच, चुलत-चुलत बहीण. शाळेतल्या बाई हजेरीत आमच्या नावांपुढे एक आणि दोन लिहायच्या. गावात त्याचीही गरज नव्हती. आमचं घर विहिरीपाशी म्हणून मी बावीवरची, तिचं घर खाडीच्या बांधाला लागून म्हणून ती बांधावरची. गावाला एवढं पुरायचं. बाहेरच्या माणसाला पुरलं नाही, आणि त्यातून जे झालं ते मी पंचवीस वर्षं तोंड शिवून पोटात ठेवलं. आता सांगतेय ते कुणी मला बरं म्हणावं म्हणून नाही, तसलं काही डोक्यात आणू नका.

माझा बाप मला गणितासाठी मारायचा. बाकी कशासाठी नाही. उशिरा आले, कपबशी फोडली, उलट बोलले, सगळं माफ. स्वतः सातवीत नापास झालेला माणूस. नव्या शहरासाठी जमीन गेली तेव्हा कागद दुसऱ्याने वाचून दाखवले आणि याने मान डोलावून सही ठोकली, ते शल्य त्याच्या मनातून कधी गेलं नाही. ज्याला गणित येत नाही त्याला कुणीही टोपी घालतं, असं त्याचं मत होतं आणि ते तो कमरेच्या पट्ट्याने समजावून सांगायचा. आठवीच्या वार्षिक परीक्षेत मला शंभरपैकी बत्तीस पडले त्या दिवशी पट्ट्याचं बक्कल माझ्या कोपरावर बसलं. अजून तिथे हाडाला गाठ आहे, पोळ्या लाटताना कळते. मारताना तो एकच वाक्य परत परत बोलायचा, तुजे डोक्यान भुसा हाय. दहादा ऐकलं की माणूस विश्वास ठेवतो, मी तर शंभरदा ऐकलं असेल. गणिताचा पेपर समोर आला की आकडे दिसायच्या आधी मला ते बक्कल दिसायचं, आणि शेवटचं पान मी कधी उलटायचेच नाही.

बांधावरचीला कुणी मारत नव्हतं, कारण तिच्या अभ्यासाची घरात कुणाला पडलेलीच नव्हती. बाप खाडीवर, आई सुकी मासळी घेऊन दारोदार. पण या बयेला गणित यायचं. कसं यायचं ते देवाला ठाऊक. शाळेच्या वाटेवर मी गणित वाचायचे आणि माझं वाचून व्हायच्या आत ती उत्तर सांगून मोकळी. आणि तोंड वर करून विचारायची, यात वाचण्यासारखं काय आहे? मला तिचा राग यायचा. वहीत उत्तर आलं की सगळी मुलं त्याभोवती चौकट काढायची, ही लंबगोल काढून त्याला शेपटी जोडायची. मासा. तिच्या प्रत्येक गणिताच्या शेवटी एक मासा असायचा आणि त्याच्या पोटात उत्तर.

नववीच्या सुरुवातीला बापाने मला त्या नव्या शहराच्या सेक्टरातल्या एका क्लासला घालायचं ठरवलं. सोबत हवी म्हणून बांधावरच्या काकालाही पटवलं. औषधांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांचा क्लास. सर घाटावरून आलेले, इस्त्रीचा शर्ट, केसांना वासाचं तेल, हातात दोन फुटांची लाकडी पट्टी. त्यांचा निकाल चांगला लागतो अशी ख्याती होती आणि ते मारतात अशीही, आणि आमच्याकडच्या बापांना या दोन गोष्टी एकच वाटायच्या. माझा बाप पहिल्याच दिवशी हात जोडून सरांना म्हणाला, चामडी तुमची, हाडं आमची. सर हसले. मग म्हणाले की ते शिकवत वगैरे नाहीत, ते निवडतात. वाशीच्या मार्केटला कांदा कसा निवडतात, मोठा एका बाजूला, बारका एका बाजूला? बारक्याला कितीही पाणी घातलं म्हणून तो मोठा होतो का? डोकं आईच्या पोटातून येतं. बापाने मान डोलावली, त्या जमिनीच्या कागदांवर डोलावली असेल तशीच.

तर निवडायला चाचणी झाली. पन्नास मार्कांची. मी नेहमीसारखं शेवटचं पान कोरं टाकलं. बांधावरची अर्धा तास आधी पेपर देऊन जिन्यात बसली होती, म्हणाली, बरा गेला.

सोमवारी सर यादी घेऊन उभे राहिले. एकेक नाव, एकेक आकडा. ए बॅच उजवीकडच्या खोलीत, बी बॅच डावीकडच्या. आमचं नाव आलं, पुढे त्रेचाळीस. आम्ही दोघी एकदम उठलो. सरांनी चष्म्यावरून पाहिलं, गठ्ठा चाळला, तर त्याच नावाचा दुसरा पेपर, सतरा मार्कांचा. दोघींनी बापाच्या नावासकट तेच लिहिलेलं. एक-दोन लिहायचं आम्हाला सुचलंच नव्हतं, ते बाई लिहायच्या.

सरांनी विचारलं नाही. हे मी आयुष्यात किती वेळा आठवून पाहिलंय. त्यांनी फक्त आमच्याकडे बघितलं. माझ्या पायात बापाने नवे घेतलेले काळे बूट, ड्रेस कडक इस्त्रीचा, दोन घट्ट वेण्या. तिच्या पायात एक पट्टी निळी आणि एक हिरवी असलेल्या स्लिपर, अंगाला सुकटीचा वास. सरांनी त्रेचाळीसचा पेपर माझ्यापुढे धरला आणि तिला पट्टीने डावीकडची खोली दाखवली. बी बॅचचे पेपर ते परत देत नसत. वाटायच्या लायकीचे नाहीत म्हणून त्यांनी सगळा गठ्ठा आमच्यासमोर फाडून टोपलीत टाकला, त्यात माझं कोरं शेवटचं पानही गेलं.

माझ्या हातातल्या पेपरवर सगळीकडे मासे होते.

मी बोलू शकले असते. एक शब्द लागत होता. पण मला सतरा म्हणजे काय ते माहीत होतं, ते कोपरात ठणकत होतं. मी पेपराची घडी घातली, दप्तरात टाकली आणि उजवीकडच्या खोलीत जाऊन बसले. घरी बापाने तो आकडा तीनदा बघितला आणि त्याला काय करावं कळेना. मग त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. आईशप्पथ सांगते, मी दचकून मान आत घेतली होती. संध्याकाळी आळीत पेढे वाटले. बांधावरही एक पुडा गेला. परतताना ती मला भेटली आणि म्हणाली, मला वाटलं बरा गेलाय, पण सरांना बरोबर कळत असेल ना? मी म्हटलं, हो.

आता शनिवारचं सांगते. सरांची पद्धत होती, तिला ते टाळी म्हणायचे. शनिवारी दोन्ही बॅच एकत्र. बी बॅचची मुलं भिंतीला पाठ लावून उभी, ए बॅचची समोर. सर प्रश्न विचारणार. बीवाल्याला आला नाही तर एवाल्याने सांगायचा आणि मग टाळी द्यायची, म्हणजे त्याच्या कानाखाली वाजवायची. हळू वाजवली तर सर म्हणायचे, टाळीचा आवाज आला नाही, आणि मग आवाज कसा काढतात ते वाजवणाऱ्याच्याच थोबाडावर दाखवायचे. पहिल्याच दिवशी एका मुलीने मैत्रिणीला नुसता हात लावला. सरांनी तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि फळ्यावर डोकं आपटलं. खडूची भुकटी उडाली. त्यानंतर टाळ्यांचा आवाज कमी पडला नाही.

माझ्यासमोर सरांनी मुद्दाम तिलाच उभं केलं. एका नावाच्या दोघी, बघू दे फरक, असं म्हणाले. प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं. लगेच, नेहमीसारखं, प्रश्न संपायच्या आत. बरोबर उत्तर.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "ओठ हलवून सांगितलंस हिला. दया दाखवू नकोस. मार."

मी सांगितलं नव्हतं. मला ते उत्तर येतच नव्हतं. तिला ते माहीत होतं, मला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी मारलं. बरोबर उत्तराला मी तिच्या कानाखाली मारलं, आणि सरांची पट्टी मला दिसत होती म्हणून जोरात मारलं. वर चोरी केली म्हणून सरांनी तिच्या बोटांच्या पेरांवर पट्टीच्या धारेने दहा फटके दिले. ती रडली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी समोरून बघितला, आणि त्यातली एक बुक्की माझी होती.

दोन-तीन शनिवार ती तशीच उत्तरं देत राहिली आणि प्रत्येक वेळी चोर ठरून दुप्पट खात राहिली. मग तिला कळलं की न येणाऱ्याला एक टाळी आणि येणाऱ्याला टाळी अधिक दहा फटके. हे गणित कुणालाही सुटेल. ती गप्प राहायला लागली. आधी मुद्दाम. मग दिवाळीनंतर कधीतरी मी वाटेवर गणित वाचलं आणि ती काही बोलली नाही. मी म्हटलं, सांग ना. ती म्हणाली, नाही येत. मला वाटलं, रागावली आहे. तिच्या तोंडाकडे पाहिलं तर तिला खरंच येत नव्हतं. प्रश्न ऐकताना तिची मान खांद्यात गेली होती, माझी जायची तशी.

आणि माझं काय झालं? ए बॅचमध्ये माझं चुकलं की सर म्हणायचे, तू गडबड करतेस, तुझ्यासारखीनं असं चुकू नये, परत कर. बी बॅचमध्ये तीच चूक झाली तर पट्टी. मला परत करायला मिळायचं. तिसऱ्यांदा समजावून मिळायचं. घरी बापाने पट्टा खुंटीला टांगला तो टांगलाच. महिन्या-दोन महिन्यांत पेपर समोर आला की मला बक्कल दिसेनासं झालं आणि आकडे दिसायला लागले. मी शेवटचं पान उलटायला लागले. भुसा कुठे गेला कुणास ठाऊक. दहावीत जाईपर्यंत मी खोटी हुशार राहिले नव्हते, खरीच झाले होते. याची लाज वाटायला हवी होती, पण मला आनंद झाला होता.

अजून एक सांगायचंय, ते जास्त वाईट आहे. खोटं कशाला बोलू, मला टाळी द्यायला आवडायला लागलं. आधी भीतीने मारायचे, मग सवयीने, आणि दहावीच्या वर्षात रागाने. तिला सोपं सोपं येत नाही याचा मला खराखुरा संताप यायचा. मी तिच्यासमोर उभी राहून मनात म्हणायचे, एवढं कसं येत नाही तुला, आणि हात उचलायचे. चोर मी होते, आणि मीच विसरले. मी उजव्या हाताने मारायचे, त्यामुळे सगळं तिच्या डाव्या कानावर. एका शनिवारी त्या कानातून रक्ताचा थेंब आला. तिने ओढणीने पुसला. तेव्हापासून तिच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूने बोलावं लागतं.

बोर्डाचा निकाल लागला. मी आळीत पहिली. ती गणितात नापास. पेपरमध्ये प्रश्न वाचलेच नाहीत म्हणाली, नुसतं नाव लिहून तीन तास बसले. ज्या बापाने कधी तिची वही उघडून पाहिली नव्हती तो आता गावात नाक कापलं म्हणून पेटला. बावीवरची त्याच नावाची पास होते आणि तू कशी नाही, हे त्याचं म्हणणं. त्याने तिला अंगणात, सगळ्या आळीसमोर, होडीच्या दोराने झोडपलं. तो दोर ओला होता. मी आमच्या ओट्यावर उभी होते, आई माझ्या हातात पेढ्यांचं ताट देत होती. बांधावरून फटक्यांचा आवाज येत होता आणि ती एकच बोलत होती, मना नाय येत, मना नाय येत. ताट माझ्या हातातून पडलं नाही. ते मी घरोघर फिरवून आणलं.

पुढचं थोडक्यात सांगते. मी शिकले. न्हावा शेव्याला बंदरातून माल सोडवणाऱ्या एका ऑफिसात आहे, दिवसभर आकड्यांत असते आणि माझी चूक निघत नाही. सेक्टरात फ्लॅट आहे. ती पावण्याच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात लागली, गावातच लग्न झालं, नवरा ट्रेलरवर, महिन्याचे आठ दिवस घरी. एक मुलगी. आम्ही सणावाराला भेटतो, हळदीकुंकवाला जातो, हसतो. मी नेहमी तिच्या उजव्या बाजूला बसते.

एकदा ऑफिसच्या कामाने त्या कारखान्यात जावं लागलं. ती मोठ्या पुठ्ठ्यावर खडूने खोक्यांचे आकार आखत होती. मालक कौतुकाने सांगत होता की ड्रॉइंगवर एका पुठ्ठ्यात आठ खोकी बसतात, ही नऊ बसवते, तुकडासुद्धा वाया जात नाही. जुळलं की कोपऱ्यात एक लंबगोल काढून शेपटी जोडते. मी तिला म्हटलं, अगं, हे गणितच आहे. ती हसली. हे गणित नाही, हे नुसतं बसवायचं असतं, म्हणाली.

गेल्या वर्षी, बोर्डाला तीन आठवडे असताना, रविवारी दुपारी तिची मुलगी माझ्या दारात उभी राहिली. दहावीला होती. पोटऱ्यांवर वळ, कडांना कापल्यासारखे, म्हणजे पॅकिंगच्या प्लॅस्टिकच्या पट्टीचे. पूर्वपरीक्षेत गणितात नापास झाली होती आणि तरी म्हणाली होती की दहावीनंतर मला डिप्लोमा करायचाय. त्यावरून आईने आधी तिला मारलं आणि मग गणिताची पुस्तकं, वह्या, सगळं बांधावरून खाडीत फेकलं. वर सांगितलं की गणिताच्या पेपरला बसायचंच नाही, सोमवारपासून कारखान्यात यायचं. आपल्या रक्तात गणित नाही, मी दोन वर्षं मार खाऊन एवढंच शिकले, तू नको खाऊस. आणि हे सांगताना मारतच होती.

मुलीने मला विचारलं, "मावशी, तू तर हुशार होतीस. तू सांग. मला खरंच येणार नाही का?"

मी कपाट उघडलं. माझ्या सगळ्या मार्कशीट एका फोल्डरमध्ये आहेत आणि सगळ्यांत वर तो पेपर आहे. दोनदा जाळायला काढला होता, जमलं नाही. बाकीचे सगळे कागद त्याच्यामुळे आले, त्याला कसं जाळायचं? तो घेतला, मुलीला स्कूटरवर मागे बसवलं आणि गावात आले.

ती मोरीपाशी विळीवर बोंबील साफ करत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. मी तिच्या उजव्या बाजूला खाली बसले आणि सांगून टाकलं. चाचणी, दोन पेपर, सरांनी बुटांकडे बघून दिलेला आकडा, आणि माझं गप्प बसणं. दोन मिनिटांत झालं. पंचवीस वर्षं मला वाटत होतं, हे सांगायला आख्खा दिवस लागेल. मग पेपर पुढे केला.

तिने हात पदराला पुसले, पेपर घेतला, लांब धरून बघितला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला.

"यो माजा नाय," ती म्हणाली. "मना येवडा येतच नवता."

मी म्हटलं, अगं बघ, तुझंच अक्षर आहे. तिने मान हलवली. मी दया येऊन काहीतरी रचून आणलंय, पोरीला वाचवायला, असं तिला वाटत होतं. तिने परत बोंबील हातात घेतला. कपाळ माझं. आयुष्यभर जी गोष्ट लपवली ती उघडी करून समोर ठेवली तर हिला ती दिसेना. तिला तिचं सतरा पाठ होतं.

मुलीने माझ्या मांडीवरचा पेपर उचलला. पहिलं पान, दुसरं पान.

"आई," ती म्हणाली, "हा तुझा मासा."

बोंबील तिच्या हातातून विळीपाशी पडला. तिने पेपर ओढून घेतला. एकेका माशावर ओलं बोट ठेवत खालपर्यंत गेली. मग पेपर कोरड्या लादीवर ठेवला, व्यवस्थित, आणि उठली.

पहिली माझ्या डाव्या कानाखाली बसली. दुसरीही तिथेच. मग तिने माझे केस धरले आणि माझं डोकं मोरीच्या कठड्यावर आदळलं, एकदा, दोनदा. कानातला डूल तुटून पाण्यात गेला. तिच्या हातांना मासळीचा चिकटा होता, ते घसरत होते आणि ती पुन्हा पुन्हा धरत होती. पाठीत बुक्क्या घातल्या. मुलगी मध्ये पडायला आली, तिला मी हाताने थांबवलं. मला मार नवा नव्हता. बापाचा खायचे तेव्हा आपलं काय चुकलं ते मला कळायचं नाही. या वेळी माहीत होतं. मध्येच मला भीती वाटली की विळी जवळ आहे, आणि मग वाटलं, असू दे. तिने विळी पायाने लांब सरकवली आणि पुन्हा मारलं.

दमली तेव्हा थांबली. भिंतीला टेकून बसली, केस सुटलेले, छाती वरखाली. मग तिने पेपर ओढून मांडीवर घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. ओठ हलत होते. मधल्या पानावर एका गणितावर फुली होती, तिथे बोट थांबलं. ते बोट वरच्या ओळीवर गेलं, खाली आलं, परत वर गेलं.

"हितं चुकले मी," ती म्हणाली. "कंसाच्या भायेर उने हाय. मंग आतला उने अधिक व्हया पायजे व्हता."

मी वाकून बघितलं. बरोबर होतं. पेपर इतकी वर्षं माझ्याकडे होता, आकड्यांवर माझं पोट चालतं, आणि ती चूक मी कधी शोधलीसुद्धा नव्हती.

तिने मुलीकडून पेन्सिल मागून घेतली. फुली मारलेला मासा खोडला, खालच्या मोकळ्या जागेत गणित परत सोडवलं आणि नव्या उत्तराभोवती मासा काढला. मग वर न बघता मला म्हणाली, तू जा आता.

मी उठले. ओठ फुटला होता, तो ओढणीने पुसला. दारात चप्पल घालताना डाव्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. उजव्या कानाने ऐकू आलं. ती पोरीला विचारत होती की पुस्तकं गेली तर गेली, गणितं कुठल्या मैत्रिणीकडून मिळतील का? पोरीने बहुतेक मोबाईल काढला असावा. मग ती म्हणाली, "पयला वाच. या बाजूनी ये आन् जोरात वाच."